नाक मुरडलं कुणी?

बुलढाण्यातली एखादी अभ्यासिका डोळ्यांसमोर आणा. भिंतीला लागून टेबलं, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या चळती, डोक्यावर घरघरणारा पंखा. इंग्रजीचा उतारा सोडवता सोडवता एक मुलगी एका वाक्यापाशी थबकते. वाक्याचा आशय साधा आहे : पंगतीतून सगळ्यांच्या आधी उठणं आमच्याकडे 'इज फ्राउन्ड अपॉन'.

ती शब्दकोश उघडते. 'फ्राउन' म्हणजे कपाळाला आठ्या घालणं. 'अपॉन' म्हणजे वर. आता जोडा दोन्ही. उठण्याच्या वर आठ्या घातल्या जातात? शब्द दोन्ही कळले, पण वाक्य काही कळलं नाही!

अर्थ असा आहे : या गोष्टीला कायद्याची बंदी नाही, कुणी दंड करणार नाही, भिंतीवर तशी पाटीही नाही. पण केलीत तर बरं दिसत नाही. चारचौघांना खटकतं. मनाई आणि मोकळीक यांच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी असते आणि आपलं बहुतेक आयुष्य त्याच पट्टीवर जातं. काय घालावं, कुणासमोर कसं बसावं, कुणाशी किती बोलावं हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? तरी सगळ्यांना ठाऊक असतं. ती आख्खी पट्टी इंग्रजीनं दोन शब्दांत बसवून टाकली.

या दोन शब्दांचा माग काढत निघालो तर वाटेत काय काय भेटतं! फ्रेंच नाकं, टोरांटोतली एक प्रयोगशाळा, भरतमुनी, आयर्लंडमधला एक चिडलेला गाव. आणि वाट जिथे संपते ते ठिकाण पुन्हा बुलढाणाच निघतं.

सुरुवात त्या जोडीपासून करू. क्रियापदाला 'अप', 'डाउन', 'ऑन', 'ऑफ' असा एखादा चिमुकला शब्द चिकटला आणि अर्थ पार बदलला की इंग्रजीत त्याला 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. गंमत म्हणजे इंग्रज लोक शेकडो वर्षं अशा जोड्या बोलत होते, पण त्यांना हे नाव रूढ झालं ते लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे. नाव सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. म्हणजे जिभेला जे कधीचं येत होतं, त्याचं बारसं व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं.

या चिमुकल्या शब्दांची ताकद किती? 'लुक' म्हणजे पाहणं, हे पाचवीतल्या पोरालाही येतं. आता 'लुक आफ्टर' म्हणा : सांभाळ करणं. 'लुक इनटू' : चौकशी करणं. 'लुक अप टू' : आदर बाळगणं. 'लुक डाउन ऑन' : तुच्छ लेखणं. तुरीचं वरण तेच, पण एकदा जिऱ्या-लसणाची फोडणी दिली आणि एकदा चिंच-गुळाची आमटी केली, तर ताटात दोन वेगळे पदार्थ येतात ना? तसंच हे. डाळ एक, चव मात्र वरून पडलेल्या चमचाभर ऐवजानं ठरवली.

इथे बहुतेक विद्यार्थी हात टेकतात. 'आपल्या मराठीत असलं काही नाही, म्हणून हे पाठच करावं लागतं,' असं म्हणतात. खरंच नाही?

ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा. 'आई माझ्याशी बोलली.' 'आई मला बोलली.'

पहिल्या वाक्यात गप्पा झाल्या. दुसऱ्यात बोलणी बसली! आई तीच, क्रियापद तेच, बदलला तो एवढासा प्रत्यय. 'शी' असला तर संवाद, 'ला' आला तर कानउघाडणी. वऱ्हाडात 'ला'चा 'ले' होतो, 'माय मले बोलली', आणि जादू जशीच्या तशी राहते. आणखी एक बघा. 'ती माझ्याशी हसली' यात ओळख आहे, जिव्हाळा आहे. 'ती मला हसली' यात अब्रू गेली. हे आपल्याला कुणी शिकवलं? कुठल्या बाईंनी फळ्यावर लिहून दिलं? कुणीच नाही. बोलायला शिकता शिकता आपण नापसंतीचा हा बारीक स्क्रू नेमका कुठे फिरवायचा ते शिकून मोकळे झालो.

आणि हे 'शिकून मोकळे झालो' म्हणजे तरी काय? एका क्रियापदाच्या पाठीवर दुसरं क्रियापद. ही तर मराठीची लाडकी युक्ती. 'सांगणं' घ्या. 'त्यानं सांगून टाकलं' म्हणताच मनावरचं ओझं उतरतं. 'त्यानं सांगून ठेवलं' यात पुढची तजवीज दिसते. आणि 'तो सांगून बसला'? इथे बोलणाऱ्याचा चेहराच दिसतो! 'सांगून बसला', 'पैसे देऊन बसला', 'भांडण करून बसला'. बसण्याची क्रिया इथे कुणी केलेलीच नाही. तो माणूस त्या वेळी उभाही असेल. 'बसला' हा शब्द फक्त एवढंच सांगतो की जे झालं ते शहाणपणाचं झालं नाही, असं मला, बोलणाऱ्याला, वाटतं. नापसंती दाखवण्यासाठी मराठीनं एका बिचाऱ्या बसण्याला कामाला लावलंय.

इंग्रजी क्रियापदामागे दिशेचा शब्द लावते, मराठी क्रियापदामागे क्रियापद लावते. ही युक्ती एकट्या मराठीची नाही. हिंदी, गुजराती, बंगालीत ती आहे, कानडी-तेलुगूत आहे, आणि थेट जपानीतसुद्धा आहे. जपानी माणूस 'खाऊन शिमाउ' अशा अर्थाचं काही म्हणतो तेव्हा 'खायला नको होतं, पण खाऊन बसलो' अशी हळहळ त्यात असते. या 'शिमाउ'चा मूळ अर्थ संपवणं, आवरून ठेवणं. बुलढाणा कुठे, क्योटो कुठे! पण हळहळीला दोन्हीकडे तशीच जोडगोळी सापडली.

आता 'फ्राउन' कडे वळू, कारण खरा धक्का तिथे आहे. कोशात अर्थ लिहिलाय कपाळाचा. इंग्लंडमधल्या माणसाला 'फ्राउन' म्हटलं की भुवया जवळ आलेल्या दिसतात. अनेक अमेरिकनांना मात्र या शब्दानं ओठांचे कोपरे खाली वळलेले दिसतात. एकाच शब्दासाठी एकाला कपाळ दिसतं, दुसऱ्याला तोंड. मग मुळात हा शब्द होता तरी कशाचा?

होता नाकाचा!

नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्याबरोबर फ्रेंच शब्दांची रांग इंग्रजीत शिरू लागली. जुन्या फ्रेंचमध्ये 'फ्रोन्ये' अशा उच्चाराचं एक क्रियापद होतं. अर्थ : नाकानं फुरफुरणं, तोंड वेंगाडणं. भाषेचे अभ्यासक त्याचं मूळ त्याहून जुन्या, फ्रान्सच्या केल्टिक लोकांच्या बोलीत शोधतात आणि तिथे तो नाकपुडीचा शब्द ठरतो. वेल्श भाषा त्या केल्टिक कुळातलीच. तिच्यात नाकपुडीला आजही 'फ्रॉयन' म्हणतात. तर शतकानुशतकं हा शब्द चेहऱ्यावर हिंडत राहिला. नाकातून निघाला, भुवयांवर चढला, आणि अटलांटिक ओलांडल्यावर ओठांवर उतरला.

आणि आपण मराठीत काय म्हणतो? 'शेजारणीनं नाक मुरडलं.' शब्दकोशातल्या 'कपाळाला आठ्या' बाजूला ठेवा. त्या अभ्यासिकेतल्या मुलीनं 'फ्राउन अपॉन'चं भाषांतर 'नाक मुरडणं' असं केलं, तर तिनं सोयीचा वाक्प्रचार तर निवडलाच, शिवाय त्या शब्दाचं हजार वर्षांपूर्वीचं हरवलेलं नाकही त्याला परत दिलं!

पण नाकच का? नापसंती वाटली की नाकानं का वळवळावं? ते काही पाहत नाही, बोलत नाही.

चार्ल्स डार्विनला हाच प्रश्न पडला होता. माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावनांवर त्यानं १८७२ मध्ये एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्यात तुच्छतेचा विचार करताना त्यानं नाकावर बोट ठेवलं : दुर्गंधी आली की आपण नाक आक्रसतो, वास आत येऊ देत नाही. माणूस आवडला नाही की तीच हालचाल होते, जणू त्याला वास मारतोय. म्हणजे नाक मुरडणारी शेजारीण खरं तर नाकाचं दार लावून घेत असते.

हे फक्त अनुमान राहिलं नाही. टोरांटोच्या संशोधकांनी २००९ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. वरचा ओठ उचलून नाकाला सुरकुत्या पाडणारा एक स्नायू असतो. माणसांच्या चेहऱ्यावर त्या जागी त्यांनी संवेदक लावले. मग त्यांना कडू पाणी चाखायला दिलं : स्नायू आक्रसला. किळसवाणी चित्रं दाखवली : पुन्हा आक्रसला. शेवटी पैशांचा खेळ मांडला. दहा डॉलरांची वाटणी करायची. समोरच्यानं नऊ स्वतःकडे ठेवून एकच डॉलर पुढे सरकवला. आता इथे ना चव, ना वास, ना घाण. आहे तो फक्त अन्याय. तरीही तोच स्नायू आक्रसला! कडू कारलं आणि लबाड वाटणी, चेहऱ्याच्या लेखी दोन्ही एकाच वहीत.

आणि आपल्याकडे? भरताच्या नाट्यशास्त्रात तर चेहऱ्याचा सगळा हिशेबच मांडून ठेवलाय. भुवयांच्या सात हालचाली, नाकाच्या सहा. आक्रसलेल्या नाकाला वेगळं नाव आहे : विकूणिता. रागानं चढलेल्या भुवयांना 'भ्रुकुटी'. आज आपण 'भृकुटी चढली' म्हणतो ते तेच. लॅटिनमध्ये भुवईला 'सुपरसिलियम' म्हणत, आणि त्या भुवईतून इंग्रजीत गर्विष्ठ, तुसड्या माणसासाठी 'सुपरसिलियस' हा शब्द आला. म्हणजे रोममध्ये भुवई, पॅरिसमध्ये नाक, आणि मराठीत दोन्ही.

मराठीत नाकाला जो मान आहे तो तर विचारूच नका. कुणाचं नाक कापलं जातं, कुणी नाक घासतं, कुणाच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात, कुणी नाकानं कांदे सोलतं. अब्रूचा सगळा कारभार त्या दीड इंचाच्या उंचवट्यावर चालतो. मुरडायचं तेही नाक, आणि कापलं जायचं तेही नाक.

आता राहिला तो मागचा छोटा शब्द, 'अपॉन'. 'अप' आणि 'ऑन' अशी दोन शब्दांची ही गाठ. पण आठ्या 'वर' कशाला पडतात? नीट पाहिलं तर इंग्रजीत हसूही वरच पडतं. नशीब फळफळलं की दैव कुणावर तरी 'स्माइल' करतं. ऊन पडावं तसं हसू पडतं, ढगाची सावली पडावी तशी आठी पडते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रज लोक या अर्थानं 'फ्राउन अपॉन' म्हणत आलेत. नापसंती ही उंचावरून खाली उतरणारी चीज आहे, हे चित्र त्या एका शब्दात गोठलेलं आहे.

मराठीत राग कुठे काढतात? कुणावर तरी. रागावणं, चिडणं, खेकसणं, डाफरणं : सगळं 'माझ्यावर'. दोन्ही भाषांनी राग वरून सोडला! फरक आहे तो नजरेचा. इंग्रजीत तुच्छ लेखणारा माणूस खाली पाहतो, 'लुक डाउन ऑन'. मराठीत खाली पाहतो तो ज्याची लाज निघाली तो. 'पोरानं आम्हाला मान खाली घालायला लावली,' असं बाप म्हणतो. इंग्रजी वाक्प्रचारानं दृश्य टिपलं ते नाक मुरडणाऱ्याच्या बाजूनं. आपल्या वाक्प्रचारानं टिपलं ते ज्याच्याकडे पाहून मुरडलं त्याच्या बाजूनं. तीच घटना, कॅमेरा फक्त समोरच्या भिंतीवर.

पण मला सगळ्यात थक्क करते ती आणखी एक मराठी जोडी, इतकी रोजची की तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. 'नाव ठेवणं.' बाळाचं नाव ठेवतात. बारसं होतं, पाळणा सजतो, आत्या कानात कुर्रर करते, घुगऱ्या वाटतात. आता याच जोडीचं अनेकवचन करा : 'नावं ठेवणं.'

अंगावर काटा आला ना? एका अनुस्वाराचा फरक! एक नाव ठेवलं तर तुम्ही माणसांत आलात. चार नावं ठेवली तर तुम्ही माणसांच्या नजरेतून उतरलात. पाळण्यातल्या नावानं समाज तुम्हाला आत घेतो आणि त्याच क्रियापदानं, फक्त अनेकवचनात, उंबऱ्याबाहेर ढकलायला लागतो. जगातल्या कुठल्याही फ्रेजल व्हर्बच्या शेजारी ठेवा, ही जोडी कमी ठरणार नाही.

आणि ढकलणं पूर्ण झालं की? 'वाळीत टाकणं.' ही शेवटची पायरी. मराठीला ही जोडी फार जुन्या काळापासून माहीत आहे. इंग्रजीकडे मात्र यासाठी आज जगभर चालणारा शब्द १८८० पर्यंत नव्हता! त्या वर्षी आयर्लंडच्या मेयो परगण्यात खंडकऱ्यांनी जमीनदाराच्या एका कारभाऱ्याशी व्यवहारच तोडले. त्याच्या शेतात राबायला कुणी जाईना, दुकानदार माल देईना. त्या कारभाऱ्याचं नाव होतं कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. बघता बघता माणसाच्या आडनावाचं क्रियापद झालं आणि फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी अशा भाषांत पसरलं. आपल्याकडे वाळीत टाकण्याचा फास इतका घट्ट होता की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला आणि २०१७ पासून तो लागू झाला. नाक मुरडणं गुन्हा नाही, पण त्या जिन्याची वरची पायरी गुन्हा ठरली.

आता अभ्यासिकेतल्या त्या वाक्याकडे परत या आणि एक प्रश्न विचारा. 'इज फ्राउन्ड अपॉन'. ठीक आहे, नाक मुरडलं जातं. पण मुरडतं कोण?

वाक्यात शोधा. नाही सापडणार! कर्ता गायब आहे. व्याकरणाची कमाल बघा. एकटा 'फ्राउन' अकर्मक आहे. त्याला कर्मच नाही, तर कर्मणी प्रयोग कुठून होणार? पण 'अपॉन' त्याला असा चिकटला की दोघं मिळून एकच क्रियापद झाले, ज्यावर आठी पडते ती गोष्ट त्यांचं कर्म झाली आणि मग इंग्रजीनं त्या कर्माला मानाच्या जागी बसवून कर्त्याला मागच्या दारानं पसार केलं. ज्याच्यावर नजर खिळली तो वाक्यात दिसतो. ज्यांची नजर होती ते कुणीच दिसत नाहीत.

मराठीला हे जमत नाही असं वाटतं का? 'नावं ठेवतात.' कोण ठेवतात? 'बरं दिसत नाही.' कुणाला? 'असं करू नये.' कुणी सांगितलं? वऱ्हाडातली आजी 'लोक काय म्हनतीन' असं विचारते तेव्हा निदान 'लोक' तरी येतात, पण ते लोक कधी पत्ता देत नाहीत. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या प्रत्येकानं भावकर्तृक क्रियापदं पाठ केलेली असतात : उजाडलं, सांजावलं, गडगडलं. यांना कर्ता नसतो, कारण उजाडण्याचं काम कुणी करत नाही, ते होतं. आणि नापसंतीही नेमकी अशीच बोलली जाते, जणू तेही हवामान आहे! ढग येतात, पाऊस पडतो, नावं ठेवली जातात. पावसाला जाब कोण विचारणार? कुणी कुणाला विचारत नाही, आणि म्हणूनच ही नापसंती इतकी बळकट असते.

पण एकीनं विचारला होता. इथूनच, बुलढाण्यातून.

ताराबाई शिंदे यांचा जन्म १८५० मध्ये बुलढाण्याचा. तेव्हा हा मुलूख वऱ्हाड प्रांतात. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाशी जोडलेले होते. मुलीला शाळा नव्हती, तेव्हा त्यांनीच तिला घरी मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, आजच्या अभ्यासिका ज्या गावात भरतात त्याच गावात, एक मुलगी इंग्रजीची अक्षरं गिरवत होती.

मग १८८१ साल आलं. सुरतेत विजयालक्ष्मी नावाची एक तरुण विधवा आपल्या तान्ह्या बाळाच्या खुनाबद्दल दोषी ठरली. बाळ वैधव्यात झालेलं. लोक नावं ठेवतील, वाळीत टाकतील या भयानं तिनं ते केलं होतं. आधी फाशीची शिक्षा झाली, मग अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. आणि 'पुणे वैभव'सारखी पत्रं झाडून सगळ्या बायकांनाच नावं ठेवू लागली. बघा, एका बाळाला पाळण्यातलं एक नाव मिळालं नाही, कारण आईला त्या अनेकवचनाचं भय होतं.

ताराबाईंनी लेखणी उचलली. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचा निबंध छापला गेला : 'स्त्री-पुरुष तुलना'. प्रती ५००, किंमत नऊ आणे. त्या काळच्या रीतीप्रमाणे शीर्षक लांबलचक होतं आणि त्याच्या पुढच्या भागात त्यांनी हा निबंध कशासाठी लिहिला ते सांगितलं होतं : स्त्रिया आणि पुरुष यांत 'साहसी कोण' ते स्पष्ट करून दाखवण्यासाठी.

इथे दोन क्षण थांबायलाच हवं. पहिला शब्द 'साहसी'. आज तो शौर्याचा शब्द आहे, मुलांना साहसकथा वाचायला देतात. तेव्हा 'साहस' म्हणजे अविचारी, मर्यादा सोडून केलेलं कृत्य. शिवीच्या जवळ जाणारा तो शब्द आज शाबासकीचा झाला. शब्दांचीही बाजू अशी पालटते!

आणि दुसरा शब्द 'कोण'.

सगळी भाषा ज्या जागी कर्ता लपवते, तिथे ताराबाईंनी हा दोन अक्षरांचा प्रश्न ठेवला. नावं ठेवली जातात? ठेवतं कोण? विधवेनं पुन्हा लग्न करू नये, हे बायकोमागून बायको करणाऱ्यांनी कसं ठरवलं? जो दोष बाईचा म्हणून सांगता तो पुरुषात नाही का? एकेक आरोप घेऊन त्यांनी तो उलटून मांडला आणि त्या न दिसणाऱ्या कर्त्याला हाताला धरून वाक्यात आणून उभं केलं. हवामान समजून सोसलेल्या गोष्टीला तोंडं असतात, नावं असतात, स्वार्थ असतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

मग काय झालं? त्यांनाच नावं ठेवली गेली. यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. मात्र जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि १८८५ च्या 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेत त्यांनी या निबंधाची बाजू घेतली. पुढे तो इतका विस्मरणात गेला की जवळजवळ शतकानं, १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅनलन यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे तो जगासमोर गेला. आज स्त्रीवादी विचाराचा इतिहास सांगताना बुलढाण्याचं नाव घ्यावं लागतं. ज्यांना नावं ठेवली त्यांनी गावाचं नाव काढलं. पुन्हा तेच 'नाव', फक्त मागचं क्रियापद बदललं!

म्हणून त्या अभ्यासिकेतल्या मुलीला मला मनापासून सांगावंसं वाटतं : हा वाक्प्रचार पाठ करू नकोस, उलगड. तुझ्याकडे त्याची किल्ली आधीपासून आहे, 'मला बोलली' आणि 'माझ्याशी बोलली' यातला फरक ज्या जिभेला कळतो त्याच जिभेत. त्यातलं नाक ओळख. वरून पडणारी सावली ओळख. आणि कुठल्याही भाषेत, कुठल्याही उताऱ्यात 'नाक मुरडलं जातं' असं वाक्य आलं, की पेन्सिल उचल आणि वाक्याच्या सुरुवातीला, जिथे कर्ता असायला हवा होता त्या मोकळ्या जागी, दोन अक्षरं लिही.

कोण?

हा प्रश्न तुझ्याच गावचा आहे.